हिरवी खूण

"पुढची घ्या," असं माझ्या तोंडातून निघणारच होतं. जिभेवर आलेलं कसंबसं गिळलं. समोरच्या पडद्यावर काळं पाणी, त्यात करडा ठिपका, ठिपक्यात फडफड. असलं चित्र मी आठवड्याला तीस-चाळीस वेळा बघते आणि बघितलं की डोकं आपलं आपण बोलतं: दोन महिने होऊन गेले, जिवंत, उत्तम, पुढची घ्या. पण या वेळी मी उभी नव्हते, आडवी होते. हात शेणात नव्हता, पोटावर थंडगार चिकट लेप होता. आणि पुढची कोणी नव्हतीच. ती तरुण डॉक्टरीण, माझ्या भाचीच्या वयाची, पडदा माझ्याकडे वळवून म्हणत होती, "मॅडम, तिसरा महिना सरत आलाय. तुम्हाला खरंच काही कळलं नाही?" काय सांगू हिला? मी गुरांची डॉक्टर. अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या पोटात हात घालून मी सांगत आलेय, ही गाभण, ही रिकामी, ही आज-उद्या माजावर येईल. गोठ्यात माझ्या हाताची शपथ घेतात लोक. आणि माझ्या स्वतःच्या पोटात इतके आठवडे कोणी बिऱ्हाड थाटून बसलंय आणि मला पत्ता नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी आले होते ते पाळी जायची वेळ झाली समजून. थकवा होता, सकाळी मळमळायचं, मुरघासाचा, मुरवलेल्या चाऱ्याचा तो आंबूस वास, जो मला एरवी घरच्यासारखा, तो नाकाला सोसेना झाला होता. वाटलं, गोळ्या लिहून देईल, हाडं जपा म्हणेल, तासाभरात सुटका. चव्वेचाळिसाव्या वर्षी बाई दुसरं समजणार तरी काय? "नाही कळलं," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की माझा मलाच पटेना.

जिना उतरताना कठडा धरला होता, एवढं आठवतं. दुसऱ्या वळणावर एक म्हातारे गृहस्थ वर येत होते, त्यांना वाट द्यायला मी उजवा हात वर घेतला आणि माझं लक्ष मनगटाकडे गेलं. घड्याळाच्या पट्ट्याखाली, आतल्या बाजूला, जिथं कातडी पातळ असते आणि निळी शीर दिसते. तिथं आता काहीच नव्हतं. साधं, कोरडं मनगट. पण मला एकदम सकाळ आठवली आणि मी पायरीवरच थांबले. म्हातारे म्हणाले, "बरं वाटत नाही का?" मी नुसती मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्यांना कळलं नसेल. मलाही नाही.

सकाळी नकटीला इंजेक्शन मीच दिलं होतं. आमच्या गोठ्यात गायींना नंबर आहेत, पण दूध काढणाऱ्या दोघी नावं ठेवतात, आणि या गाईच्या नाकाडावर लहानपणी गव्हाणीचा पत्रा लागून खाच पडली म्हणून ती नकटी. कृत्रिम रेतन दोनदा उलटलं होतं, गर्भ राहिला नव्हता, आणि तिसऱ्याचं काय झालं ते मला बघायचं होतं. रांगेत उभ्या केलेल्या गायींतून मी पुढं सरकते, डाव्या हातात खांद्यापर्यंतचा मोजा, आणि माझ्यामागं आमचे कंपाउंडर दोन खडू घेऊन. मी "गाभण" ओरडले की ते गाईच्या पुठ्ठ्यावर, शेपटीच्या वर, हिरवी खूण करतात, "रिकामी" म्हटलं की लाल. त्यांना दमा आहे, खिशात सदा तोंडात मारायचा पंप, म्हणून सगळे त्यांना पंपभाऊ म्हणतात, आणि त्यांनाही ते आता आवडायला लागलंय. नकटीच्या वेळी मला मळमळून आलं. हात आत होता, बोटांखाली गर्भाशय मऊ, सैल, त्याची दोन्ही शिंगं, म्हणजे दोन्ही फाटे, सारखीच वाटली. आणखी पुढं ओणवून नीट चाचपायला हवं होतं, नकटी थोराड गाय, तिचं सगळं आत खोल असतं. पण तोंडात आंबट पाणी आलं आणि मी हात काढून घेतला. "रिकामी. लाल." पंपभाऊ म्हणाले, "मॅडम, सोनोग्राफीचं मशीन आणू का? खोलीतच आहे." मी म्हणाले, "कशाला? माझ्या हातावरचा भरवसा उडाला काय तुमचा?" ते बिचारे हसले आणि लाल खूण केली.

मग ते इंजेक्शन. गाय रिकामी असेल तर ते तिला दोन-चार दिवसांत माजावर आणतं, आणि गाभण असेल तर गर्भ टिकूच देत नाही. बाटलीवर ठळक लिहिलंय: गर्भवती स्त्रियांनी आणि दम्याच्या रुग्णांनी हाताळू नये, कातडीतून अंगात भिनतं. म्हणून ते आमच्याकडे कपाटात कुलपात असतं. दूध काढणाऱ्या दोघींपैकी कोणी चुकून त्या कपाटाजवळ जरी गेली तरी पंपभाऊ गोठा डोक्यावर घेतात: "बाहेर! त्या कपाटापासून लांब व्हा! पोरंबाळं व्हायचीत तुम्हाला अजून!" आणि किल्ली मला आणून देतात. मॅनेजर पुरुष, पण त्याला सुई बघून घेरी येते. पंपभाऊंना दमा. त्या दोघी तरुण. राहिले कोण? मी. हे कोणी ठरवलं नव्हतं, बैठक घेतली नव्हती, "मॅडमना चालतं" असं पहिल्यांदा कोण म्हणालं हेही मला आठवत नाही. बहुतेक मीच म्हणाले असेन. "द्या इकडं, मला काय धाड भरलीय!" असं हसत हसत. दर आठवड्याला किल्ली हातात घेताना आत काहीतरी बारीक टोचायचं, मग तेही टोचायचं बंद झालं. तर सकाळी नकटीनं अंग झटकलं, सुई सिरिंजवरून निसटली आणि चिळकांडी उडाली ती या मनगटावर. उरलेलं मी तिला दुसऱ्या सुईनं दिलं. मनगट एप्रनला पुसलं. रांगेत अजून पंधरा गायी होत्या, नळ गोठ्याच्या त्या टोकाला, आणि मला कशाला जायचं होतं नळावर? ज्यांना भीती त्यांनी धुवावं.

मी पुन्हा वर गेले. डॉक्टरणीनं ऐकून घेतलं, दोनदा औषधाचं नाव विचारलं, कोणाला तरी फोन लावला आणि परत आली तेव्हा तिचा चेहरा माझ्या भाचीसारखा उरला नव्हता. "लगेच धुतलंत ना?" मी मनगट उलटं करून मांडीवर ठेवलं. "किती उडालं होतं?" मी म्हणाले, "थेंब होते, चार-पाच." चिळकांडीला थेंब म्हणाले. ती म्हणाली, आता करण्यासारखं काही नाही. पोटात दुखलं, रक्त दिसलं तर तडक यायचं, नाहीतर सोमवारी पुन्हा बघू. "आराम करा. आणि घरी सांगा." मी हो म्हटलं. घरी सांगा, हे कसं सहज म्हणतात हे लोक. मीही म्हणते, मॅनेजरला: "गाय गाभण आहे, मालकांना सांगा."

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान वाटेतच. मी काचेबाहेर उभी राहिले. तो आत एका शाळकरी पोरीच्या नाकावर चाचणीची ती जड चौकट चढवत होता, एकेक काच घालून विचारत होता, आता बरं की मघाशी बरं? लग्न झालं तेव्हापासून मला त्याचा हा प्रश्न ऐकून हसू येतं. आता बरं की मघाशी बरं. मूल व्हावं म्हणून केलेल्या पहिल्या उपचाराच्या वेळी त्यानं ही बातमी ऐकून दुकान बंद केलं होतं आणि आम्ही नदीच्या पुलावर उगाच जाऊन उभे राहिलो होतो. तीन आठवडे टिकलं ते. दुसऱ्या वेळी तो दुकान बंद न करता घरी आला. तिसऱ्या वेळी मी फोनवर सांगितलं आणि तो म्हणाला, "बरं. जपून राहा," आणि ते गेल्यावरही तेच म्हणाला, "बरं. जप." गाय तीनदा उलटली की आमच्याकडे तिचा वेगळा विचार करतात. मी तेव्हा गोठ्यात अशाच एका गाईपाशी उभी राहून मॅनेजरला म्हणाले होते, "ही काढून टाका, खाऊन खाऊन नुसती सुजतेय," आणि घरी येऊन पाण्याचा नळ सोडून रडले होते. त्यानंतर मागच्या छोट्या खोलीत नवऱ्यानं चष्म्याच्या चौकटींची खोकी आणून रचली. मला विचारलं नाही, मीही काही म्हटलं नाही. तिथं आता छतापर्यंत खोकी आहेत. मला काचेबाहेर बघून त्यानं हात केला आणि भुवया उंचावल्या: काय झालं? मी हात हलवला: काही नाही. आनंद हातात देऊन दोन दिवसांनी परत मागायचा, हे त्या माणसाला मी चौथ्यांदा करणार नव्हते.

संध्याकाळी घरी मनगट धुतलं. साबण लावला, घासलं, पुन्हा साबण लावला. काय उपयोग होता? औषध कधीच आत गेलं होतं, मला त्याचा सगळा प्रवास पाठ आहे, परीक्षेत मला त्यावर प्रश्न आला होता आणि मी छान आकृती काढली होती. नवरा दारात येऊन म्हणाला, "काय डॉक्टरीणबाई, कातडं सोलून काढताय का आता?" मी म्हणाले, "शेण गेलं नाही नीट." "वास तर येत नाही." "तुला नाही येत." तो म्हणाला, "डोळे खोल गेलेत तुझे. उद्या सुट्टी घे." मी घेतली. बुधवारचा तो आख्खा दिवस मी पलंगावर पडून पोटाकडे कान लावून होते. जरा कळ आली की श्वास रोखायचा. ती कळ असायची की आतड्यातला वारा? गाईला कळा येतात तेव्हा ती शेपूट जरा उचलून धरते, पाय बदलते, मान वळवून कुशीकडे बघते. एवढ्या खुणा मला दुरून ओळखता येतात. मी माझ्या कुशीकडे बघत होते आणि मला काही म्हणजे काही ओळखता येत नव्हतं. न्हाणीघरात जायची भीती. जाऊन आल्यावर पाच मिनिटं सुटल्यासारखं वाटायचं, मग पुन्हा तेच. मला राग येत होता, आणि तो कोणावर काढावा तेही कळत नव्हतं. त्या बाटलीवर? स्वतःवर? त्या सगळ्या वर्षांवर, ज्यांनी मला इतकं पटवून दिलं की मी सुरक्षित बाई आहे? हवं होतं तेव्हा हात जोडून बसले तर आलं नाही. आणि आता आलं ते असं, मागल्या दारानं, हाक न मारता. आणि मी दार उघडायच्या आधीच त्याच्या अंगावर विष उडवून बसले. आई गं, असं मी मोठ्यानं म्हणाले. घरात कोणी नव्हतं.

दुपारी कधीतरी नकटी आठवली. तोवर तिचा विचारच डोक्यात आला नव्हता. ज्या सकाळी मला माझंच काही कळलं नाही, त्याच सकाळी मी तिला रिकामी म्हणाले होते. मळमळत होतं म्हणून हात लवकर काढला होता. बोटांना काय लागलं होतं, नीट आठवून बघ. मऊ. सैल. पण उजवं शिंग जरा भरलेलं नव्हतं का? की ते मी आता भीतीनं भरते आहे? फोन उचलला, पंपभाऊंना विचारावं, नकटी कशी आहे? मग ठेवला. माजावर आली तर माझा हात खरा. गाभडली, गर्भ टाकला, तर माझा हात खोटा. पण कसंही झालं तरी औषध खरंच, आणि तेच औषध माझ्या मनगटातून आत गेलेलं. त्या गाईचं आणि माझं आता एकच होतं आणि तिच्या बातमीची मला धडकी भरली.

गुरुवारी मी गेले. नवरा म्हणाला, "अजून एक दिवस थांबली असतीस तर गायी काय संपावर जाणार होत्या?" मी म्हणाले, "त्या नाही, मॅनेजर जाईल." हसलो दोघं. गोठ्यात शिरले तर पंपभाऊ फाटकाशीच उभे. दुरूनच त्यांच्या उभं राहण्यावरून मला कळलं. माणूस वाईट बातमी हातात धरून उभा असला की दोन्ही हात पुढं बांधतो. "मॅडम," ते म्हणाले, "नकटीनं टाकलं. पहाटे." ते पुढं चालू लागले, मी मागं. नकटी एका बाजूला वेगळी बांधलेली, चारा तसाच, शेपूट रक्तानं लडबडलेलं. पुठ्ठ्यावर माझी लाल खूण अजून होती, थोडी पुसट. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं, तिच्या डोळ्यांत दोष वगैरे काही नव्हता, गाय ती, तिला कोणी काय केलं ते कुठून कळणार? पंपभाऊंनी बादलीवरची गोणी बाजूला केली. पातळ पिशवी, त्यात ते. बोटाएवढं. डोकं, वाकलेली पाठ, खूर व्हायच्या जागी नुसते टोकदार कोंब. दोन महिन्यांचं, मी बघताक्षणी सांगितलं असतं. परवा दुपारी पडद्यावर मी हाच आकार बघितला होता, याच डोळ्यांनी, आणि मनात म्हणाले होते उत्तम. "होतं असं कधीतरी, मॅडम," पंपभाऊ म्हणाले. "इतक्या वर्षांत एखादी चुकणारच. हात म्हणजे काय देवाचा आहे?" त्यांनी समजूत घातली ती चुकीच्या गोष्टीची, पण फार मायेनं. मी वळले आणि औषधांच्या खोलीकडे चालत सुटले. चालत नाही, पळतच.

दार आतून लावलं. मशीन टेबलावर होतं, पट्ट्यानं गळ्यात अडकवायचं, गायींसाठीचं, ज्याला मी परवा 'कशाला?' म्हणाले होते. प्रोब साबणानं धुतला, स्पिरिटनं पुसला, पुन्हा धुतला. सोमवार फार लांब होता. सोमवारपर्यंत मी जगलेच नसते. खुर्चीत मागं रेलून कुडता वर केला, नाडी सैल केली, लेप ओतला, आणि ज्या वस्तूनं आजवर फक्त गायी बघितल्या ती माझ्या बेंबीखाली टेकवली. काळं. सगळं काळं. हे मूत्राशय. सरकव. करडं, मग पुन्हा करडं. गाईत आपण आतून बघतो, इथं बाहेरून, खोली वेगळी, कोन वेगळा, हे सगळं मला ठाऊक होतं आणि तरी हात गाईच्याच सवयीनं फिरत होता. सापडेना. डावीकडं. सापडेना. समोर ते कपाट, कुलूप लावलेलं, काचेआड त्या बाटल्या एका ओळीत, लेबलं माझ्याकडं करून. मी म्हणाले, असशील तर दिस रे बाबा, नाहीतर नाही म्हण, पण हे असं करू नकोस. खोली वाढवायचं बटण दाबलं. पडदा हलला, स्थिरावला. आणि मग ते होतं. वाकलेली पाठ, डोकं, बोटाएवढं. बादलीतल्यासारखंच. मी श्वास घेतला नाही. छातीच्या जागी बघत राहिले, जिथं बघायचं असतं तिथं, जिथं मी हजार वेळा बघितलंय. आणि तिथं ती फडफड. बारीक, भरभर, न थांबणारी. मी चुकतेय का? दोनदा डोळे मिटले, उघडले. फडफड. हात की पाय, काहीतरी झटकलं गेलं आणि आख्खं ते उडी मारल्यासारखं हललं.

मला ओरडायचं नव्हतं. घशातून आपोआप निघालं, गोठ्यातला तोच मोठा आवाज, रांगेच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा: "गाभण! जिवंत!"

बाहेर पंपभाऊ होतेच. मी पळत आले म्हणून मागोमाग आले असणार, दारापलीकडं त्यांची ती दम्याची शिट्टी ऐकू येत होती. मग वर्षानुवर्षांच्या सवयीनं त्यांनी विचारलं, "कितवी, मॅडम? नंबर सांगा, हिरवी खूण करतो."

मी उठले. कुडता खाली ओढला, तो लेपानं पोटाला चिकटला. गळ्यात मशीन तसंच. कडी काढली. दारात पंपभाऊ, हातात हिरवा खडू, नजर आधी माझ्यामागं गाय शोधायला गेली. गाय नव्हती. मग त्यांनी माझ्या गळ्यातलं मशीन बघितलं, लोंबणारा प्रोब, कुडत्यावरचा ओला डाग. मी उजवं मनगट त्यांच्यापुढं धरलं, आतली बाजू वर करून. माझ्या मनगटावरून त्यांची नजर माझ्या मागच्या कपाटाकडं गेली आणि मला दिसलं, त्यांना परवाची सुई आठवली, ती चिळकांडी आठवली, ते तिथंच तर उभे होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. खडू हातातून पडून फरशीवर फुटला.

"बाहेर!" पंपभाऊ माझ्यावर ओरडले, इतक्या जोरात की त्यांचा श्वास अडकला आणि आख्खा गोठा वळून बघायला लागला. "बाहेर या आधी! त्या कपाटापासून लांब व्हा!"

आणि मी दारातच रडायला लागले.